एकोणिसाव्या शतकात कट ग्लासला, म्हणजे चाकावर तासून पैलू पाडलेल्या काचेला, एवढा मान का होता, आणि साच्यातल्या काचेपासून ती वेगळी कशी ओळखायची?

मानाचं कारण वजनात आहे. ब्रिटनमध्ये 1745 च्या कायद्याने काचेवर वजनानुसार कर बसला, तो 1845 पर्यंत टिकला. खोल पैलू पाडायचे तर भांड्याची भिंत जाड हवी, म्हणजे कर जास्त. वर तासून निघालेली काच वाया. माल तर महागच: ढोबळमानाने तीन भाग वाळू, दोन भाग शेंदूर (शिशाचं ऑक्साइड), एक भाग पोटॅश (एक क्षार). आयर्लंडला हा कर 1825 पर्यंत नव्हता, म्हणून वॉटरफर्डसारख्या कारखान्यांना जाडजूड भांडी परवडत.

त्यात मजुरी. लोखंडी चाकावर वाळू-पाणी सोडून खाच पाडायची, दगडी चाकावर ती गुळगुळीत करायची, मग लाकडी चाकावर प्युमिस (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड) आणि शेवटी कथिलाच्या ऑक्साइडची पूड लावून चमक आणायची. दगडाचं काम घाईत उरकलं तर खाचेत बारीक रेघा राहतात. त्या नुसत्या पॉलिशने जात नाहीत.

माझ्या मते ऐपतीची सर्वांत बोलकी खूण म्हणजे सेलरीचं उंच भांडं. सेलरी ही लांब देठांची भाजी चरात लावून, देठांवर माती चढवत पांढरी करावी लागे, त्यामुळे ती महाग. म्हणून देठ पाण्यात आणि पानं वर, अशी ती फुलांसारखी टेबलावर मांडत. शतकाच्या अखेरीस सेलरी स्वस्त झाली आणि आडव्या बशीत गेली.

1820 च्या दशकात अमेरिकेत यंत्राने काच साच्यात दाबायला सुरुवात झाली. वितळलेला गोळा कात्रीने तोडून साच्यात टाकायचा आणि दट्ट्या दाबायचा. गोळा कमी पडला तर काठ अपुरा राहतो, जास्त झाला तर तळ जाड होतो. साचा थंड असला की पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. त्या लपवायला सुरुवातीच्या नक्षीत बारीक ठिपके भरत. 1864 मध्ये अमेरिकेतले काचतज्ज्ञ विल्यम लेटन यांनी शिशाऐवजी सोड्याची चांगली काच बनवली आणि किंमत खूपच उतरली. पैलूदार भांडी मध्यमवर्गाच्या टेबलावर आली.

आता ओळख. पैलूंच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा: कापलेली कड धारदार लागते, साच्यातली बोथट. साच्याच्या जोडाची शिवण शोधा, पण ती पुष्कळदा नक्षीच्या रेषेत लपवलेली असते. आतून हात फिरवा. बाहेरच्या नक्षीचे उंचवटे-खळगे आतही जाणवले तर भांडं दट्ट्याने दाबलेलं नाही, साच्यात हवा फुंकून बनवलेलं आहे. दाबलेल्या आणि कापलेल्या काचेची आतली बाजू सपाट असते. टिचकीच्या घंटानादावर एकट्यावर विसंबू नका, कारण 1864 पूर्वीच्या दाबलेल्या काचेतही बरेचदा शिसं असे आणि तीही छान वाजते.

ब्रिटिश भांड्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणी-शिक्का दिसला तर नक्षीची नोंदणी 1842 ते 1883 मधली. 1884 पासून नुसता नोंदणी क्रमांक येतो. तळाच्या ओरखड्यांकडेही भिंगातून बघा: वापराने पडलेले ओरखडे वेगवेगळ्या दिशांना जातात. सगळे एकाच दिशेला, सारख्या खोलीचे असतील तर ते मुद्दाम घासून पाडल्याचा संशय घ्या.