पहिलं डिझेल मॉडेल घेण्याआधी खरं इंजिन नीट बघ

हे बघ मित्रा, डब्ल्यूडीएम-२ चं, म्हणजे भारतीय रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाचं, एचओ (खऱ्याच्या १:८७ आकाराचं) मॉडेल घेतोयस ना, मग नुसत्या रंगावर भुलू नको, आधी बोगी, म्हणजे इंजिनाखालची चाकांची चौकट बघ. खऱ्या इंजिनाच्या, म्हणजे अमेरिकन अल्को कंपनीच्या बोगीत तीन ॲक्सल (चाकांचे आस) सारख्या अंतरावर नसतात, दोन जवळ आणि एक जरा लांब, आणि मॉडेल बनवणारे नेमके इथेच गंडतात. काय दणकट इंजिन होतं राव, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, १९६२ ला अमेरिकेतून आलं आणि १९६४ पासून वाराणसीतच बनायला लागलं. ट्रॅक मात्र रुळांमधे १६.५ मिमी अंतर असलेलाच घे, आपलं ब्रॉडगेज १:८७ मधे १९ मिमीच्या वर जातं, त्यामुळे समोरून चाकं थोडी आत वाटतात, चालतंय तेवढं. आणि दुकानातच एकदम स्लो चालवून बघ, धक्के देत निघालं तर सरळ परत दे.