सासूबाईंचा बोन चायनाचा सेट रोजच्या जेवणाला काढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासूबाईंकडून आलेला गुलाबांच्या नक्षीचा, सोनेरी काठाचा इंग्लिश सेट शोकेसमध्ये पडून आहे, सहापैकी दोन कप कधीच फुटलेत, तो रोजच्या वापरात घ्यावा का, आणि अशी क्रोकरी जमवायची झाली तर सुरुवात कुठून करावी.

काढा की वापरायला. आपल्याकडे चांगली क्रोकरी बाहेर निघत नाही ती फुटण्याच्या भीतीने कमी, 'सेट मोडेल' या भीतीने जास्त. एक कप गेला की उरलेले पाच शोकेसमध्ये बंद होतात, आणि मग वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईला तेवढे पुसले जातात. तुमचा सेट मोडलेलाच आहे, त्यामुळे ती काळजी मिटली. तुमच्याकडे आता चार सुटे कप आणि काही सुट्या ताटल्या आहेत. सुटा कप फुटला तर एक कप फुटतो, त्यापलीकडे काही होत नाही. मी स्वतः मुद्दाम सुटेच तुकडे जमवतो. आमच्या टेबलावर दोन ताटल्या एकसारख्या नसतात. नव्या पाहुण्यांना ते सुरुवातीला जरा चमत्कारिक वाटतं, मग "मला ती निळी द्या" असं सुरू होतं.

बोन चायना दिसतो तितका नाजूक नाही. हे मिश्रण इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला स्पोड कारखान्यात १७९०च्या दशकात बसवलं गेलं. त्यात जवळपास निम्मी हाडांची राख, आणि बाकीची कॉर्नवॉलची चिनी माती व तिथलाच दगड. पहिली भाजणी साधारण १२५० अंशांना होते. कप उजेडात धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते इतका पातळ, आणि तरी त्याच जाडीच्या साध्या चिनी मातीपेक्षा बराच मजबूत. मात्र त्याच्यावरचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, कमी तापमानाला भाजलेलं असतं, म्हणून ते जरा मऊ. युरोपात १७१० साली जर्मनीतल्या माइसनला कारखाना निघाला तो कडक पोर्सिलेनचा, म्हणजे हाडांची राख नसलेल्या चिनी मातीचा. ते १४०० अंशांच्या आसपास भाजतात, त्याच्या ग्लेझवर चरे कमी पडतात. म्हणून माझा नियम असा, की कप बोन चायनाचे आणि रोजच्या ताटल्या पोर्सिलेनच्या. चहाच्या कपात कोणी सुरी चालवत नाही.

घर शाकाहारी असेल तर हाडांची राख हा विषय आधी घरात बोलून घ्या. ही राख गुरांच्या हाडांची असते. भाजून तिचं खनिज झालेलं असतं हे खरं, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जपानी पोर्सिलेनमध्ये हाडं नसतात. नोरिताके कंपनी १९०४ पासूनची आहे, त्यांचा एक कारखाना श्रीलंकेतही आहे, त्यामुळे 'मेड इन श्रीलंका' असा शिक्का दिसला म्हणून नकली समजू नका. फक्त हीच कंपनी बोन चायनाही बनवते, तेव्हा मागचं वाचून घ्या. आणि ला ओपाला किंवा कोरेल या काचेच्या डिशेस आहेत, चिनी माती नाही. रोजच्याला उत्तम, पण हा विषय वेगळा.

आता जेवणाचं. खरी गंमत इथे आहे, कारण हे सगळे सेट साहेबाच्या जेवणाला बेतलेले. साधारण २७ सेंटिमीटरची सपाट डिनर प्लेट आपल्या जेवणाला गैरसोयीची. भातावर आमटी घातली की ती ओघळून थेट कोशिंबिरीत. त्यासाठी काठ असलेली खोलगट सूप प्लेट शोधा. वरण-भात, खिचडी-कढी, मिसळ, सगळ्याला ती चपखल बसते, आणि बाजारात तिला गिऱ्हाईक कमी असल्याने स्वस्तही पडते. साइड प्लेट पोह्यांना आणि उपम्याला. साखरेचं भांडं झाकण हरवलेलं मिळतं, त्यात घट्ट वरण द्या. दुधाच्या छोट्या जगमध्ये पातळ केलेलं साजूक तूप ठेवा, धार इतकी नेमकी पडते की तुपाचं तांबलं विसराल. ग्रेव्ही बोट, म्हणजे रस्सा ओतायचं चोचीचं लांबट भांडं, कढीला. उकडलेल्या अंड्याचा कप लसणाच्या चटणीला. केकचा स्टँड गणपतीत मोदकांना, अर्थात नैवेद्याला घरातल्या मोठ्यांना चालत असेल तर. तुमच्याकडे कपांपेक्षा दोन बशा जास्त उरल्या असणार, त्या लिंबू-मीठ-लोणच्याच्या होऊ द्या. लोणचं जेवणापुरतं वाढायचं, त्यात साठवायचं नाही. कारण पुढे सांगतो.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ग्लेझ खराब होतं ते सुरी-काट्याने. हाताने जेवणारं घर या भांड्यांना सगळ्यात मानवतं. पोळी-भाजी बोटांनी खाल्लेली ताटली वर्षानुवर्षं तशीच राहते. ताटलीवर करड्या, पेन्सिलीसारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. ते बहुतेक वेळा चरे नसतात, स्टीलच्या चमच्याचा धातू ग्लेझला चिकटलेला असतो. ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन गोल गोल चोळा, निघतो. भात वाढायला लाकडी उलथणं किंवा हात. डाव ताटलीत आपटायचा नाही, एवढीच सवय लावावी लागते.

हळद? धड असलेल्या ग्लेझवर हळद टिकत नाही. पण ग्लेझला जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर हळद त्या सगळ्या भेगा शोधून काढते आणि ताटलीवर पिवळा नकाशा उमटतो. जुन्या इंग्लिश मातीच्या भांड्यांत, म्हणजे जॉन्सन ब्रदर्स किंवा स्पोडच्या १८१६ पासूनच्या 'ब्लू इटालियन'सारख्यांत, हे जास्त आढळतं. ती दिसायला चायना वाटतात, पण बोन चायना नव्हेत. भेगाळलेली ताटली शंकरपाळ्यांना ठेवा, रश्श्याला नको.

लोणचं साठवू नका म्हणालो ते शिशामुळे. १९७०च्या दशकाआधीच्या भांड्यांवर आजच्यासारखे निर्बंध नव्हते. रंगांत आणि ग्लेझमध्ये शिसं, लाल-केशरी-पिवळ्यात कॅडमियमही असू शकतं. आंबट पदार्थ ते सोडवतात, आणि आपलं जेवण म्हणजे चिंच, कोकम, लिंबू, दही. नक्षीवरून डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला रंगाचा उंचवटा लागला तर रंग ग्लेझच्या वर आहे. गुळगुळीत लागला तर ग्लेझच्या खाली. रोजच्या जेवणाला दुसऱ्या प्रकारचं घ्यावं, म्हणून माझ्याकडे निळं-पांढरं जास्त. विलो पॅटर्न ही चिनी ढंगाची इंग्लिश नक्षी असो की कोपनहेगनची १७७५ पासूनची निळी नक्षी, निळा रंग ग्लेझखाली असतो, तो ना घासून जातो ना पानात उतरतो. त्यातही फार जुना तुकडा असेल आणि ग्लेझ झिजलेलं असेल तर भिंतीवर लावा. तुमचा गुलाबांचा सेट चहाला, बिस्किटांना, कोरड्या खाऊला वापरा. सोलकढीला नको, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तिच्या रोजच्या चहालाही नवा कप घ्या.

तुमच्या सेटच्या मागे रॉयल अल्बर्ट असं इंग्लिश कंपनीचं नाव असेल तर तो बहुधा 'ओल्ड कंट्री रोझेस' असेल. हॅरोल्ड होल्डक्रॉफ्टने १९६२ साली काढलेली ही नक्षी. प्रचंड खपली, त्यामुळे सुटे कप आजही सापडतात. नंतर उत्पादन इंडोनेशियाला गेलं, म्हणून नव्या मालावर त्या देशाचं नाव दिसतं. शेजारी ठेवले तर फरक कळतो, पण चहा दोन्हींत तसाच लागतो.

धुणं. आमच्याकडे ही भांडी मी घासतो, आणि कुणीही घेतली तरी ही जबाबदारी घरातल्या माणसाचीच असावी. कुकर, कढई आणि तव्याच्या ढिगात कप टाकायचा आणि टवका उडाला की कामाला येणाऱ्या ताईंवर डाफरायचं, हा प्रकार मला पटत नाही. जेवण झालं की लगेच, सिंकमध्ये प्लॅस्टिकचं घमेलं ठेवून कोमट पाण्यात एकेक धुवावं. स्टीलचा नळ आणि ग्रॅनाइटचा ओटा हेच खरे मारेकरी, माणूस नव्हे. नळाचं तोंड बाजूला फिरवून ठेवा. तारेची घासणी नको, मऊ स्पंज पुरतो. चहाचे तपकिरी डाग सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजत ठेवले की सुटतात. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या सोडतो, आणि डिशवॉशरमध्ये दोन-तीन वर्षांत सोनं विरळ होतं. फ्रिजमधून काढलेल्या जगमध्ये उकळतं दूध ओतू नका.

रचून ठेवताना ताटलीखालचं बूड बघा. तिथे ग्लेझ नसलेली खरखरीत कडा असते, आणि तीच खालच्या ताटलीच्या तोंडावर चरे पाडते. मध्ये जुन्या सुती साडीचे गोल कापून घाला. कपात कप घालू नका आणि कानाला धरून हुकवर टांगू नका, कान हाच कपाचा सगळ्यात कच्चा भाग.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी. कित्येक घरांत कपांच्या तीन पायऱ्या असतात: पाहुण्यांचे, घरच्यांचे, आणि खिडकीत वेगळा ठेवलेला कामवाल्या बाईंचा, तो बहुतेक कान तुटलेला. त्या तिसऱ्या कपामागचा इतिहास आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चांगले कप रोजच्यात आणणार असाल तर ही उतरंड आधी मोडा. आमच्याकडे ताईंचा आवडता कप निळ्या काठाचा आहे आणि तो दुसऱ्या कुणी घेतला की त्या तसं बोलून दाखवतात.

जमवायची सुरुवात नजर बसवण्यापासून करा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी दालन आहे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून ते आलंय. गोव्यात चांदोरला मेनेझिस ब्रागांझांच्या वाड्यात पूर्वेकडून आलेली पोर्सिलेन बघायला मिळते. खरेदीला चोर बाजारातली मटण स्ट्रीट. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुना बाजार भरतो, त्या दिवशी पहाटेच गेलेलं बरं. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. आणि सगळ्यात चांगला माल नात्यात सापडतो. घर बदलणाऱ्या मावशी-आत्यांना नुसतं सांगून ठेवा.

हातात घेतल्यावर आधी तळहातावर मोकळं धरून काठाला टिचकी मारा. लांब घुमणारा आवाज आला तर अंग धड आहे. 'थप्' असा बसका आला तर बहुधा कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी. मग काठावरून नख फिरवा, आणि कानाच्या सांध्यात बघा, चिकटवलेला असेल तर तिथे पिवळट रेघ असते. असा कप गरम चहाला घेऊ नका, गोंद कधी सुटेल सांगता येत नाही. शिक्क्यावर देशाचं नाव असेल तर वस्तू साधारण १८९१ नंतरची, कारण त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर ते सक्तीचं केलं. 'निप्पॉन' असेल तर १९२१च्या आधीची जपानी. पण शिक्के नकली मारलेले असतात, तेव्हा विक्रेत्याने "दोनशे वर्षं जुना आहे साहेब" म्हटलं तरी भाव नव्या कपाचाच करा. टवका दिसला तर तोंडाने बोलू नका, नुसतं बोट ठेवा आणि वाट बघा, तो स्वतःच उतरतो.