कर्नल अपडेट केला आणि ग्राफिक्स गेलं: फेडोरा वापरणाऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याभोवती फिरतात: मशीनवर फेडोरा ही लिनक्स प्रणाली, आत एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, अपडेट आला की होणारी पंचाईत. म्हणून ते एकत्र घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो. अपडेट थांबवणं हा यावरचा उपाय नाही. कार्ड चालवणारा ड्रायव्हर कुठून येतो आणि कसा बसतो हे एकदा समजून घेतलं, तर या अडचणींपैकी बऱ्याचशा येतच नाहीत.

प्रश्न: मी कोल्हापुरात ॲनिमेशनची कामं करते. ड्रायव्हर आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या रेपॉझिटरीतून घेतला आहे. परवा टर्मिनलमधून अपडेट केलं, लगेच रीस्टार्ट केलं, तर लॉगिनच्या जागी नुसती काळी स्क्रीन. असं अधूनमधून होतं, दर वेळी नाही. कर्नलच खराब येतो का?

कर्नल बहुधा ठीक आहे. तुमच्या प्रश्नातला 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या मूळ सोर्समध्ये नाही. तो बाहेरून येतो आणि फेडोरात प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) नव्याने कंपाइल करावं, म्हणजे सोर्समधून बनवावं लागतं. आरपीएम फ्यूजनचं एकेमॉड-एनव्हिडिया हे पॅकेज हे काम तुमच्याच मशीनवर, मागच्या मागे करतं. गोम अशी की डीएनएफ, म्हणजे पॅकेज टाकणारी फेडोराची कमांड, त्यासाठी थांबून राहत नाही. त्याने 'कम्प्लीट' म्हणून प्रॉम्प्ट परत दिला, तरी आत कंपायलर चालूच असतो. त्याच क्षणी दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'टॉप' चालवून पाहा: 'सीसी१' नावाच्या प्रोसेस एकामागून एक वर येताना दिसतील, पंख्याचा आवाजही वाढलेला असेल. तेच तुमचं मॉड्यूल तयार होतंय. जुन्या मशीनवर याला पाच मिनिटंही लागू शकतात. मध्येच रीस्टार्ट केलं की काम अर्धवट राहतं. बूट होताना एकेमॉड पुन्हा प्रयत्न करतं, म्हणूनच तुम्हाला कधी चालतं, कधी नाही असा अनुभव येतो.

मॉड्यूल तयार झालं की नाही हे पाहायला 'मॉडइन्फो' ही कमांड सगळेच सुचवतात, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. ही कमांड आत्ता चालू असलेल्या कर्नलचं मॉड्यूल दाखवते. रीस्टार्ट करण्याआधी तुम्ही जुन्याच कर्नलवर असता, त्यामुळे उत्तर जुन्याचं मिळतं आणि सगळं आलबेल आहे असं वाटतं. 'हायफन के' हा पर्याय लावून नव्या कर्नलचा पूर्ण आवृत्ती क्रमांक द्या आणि मग एनव्हिडियाचं नाव. ड्रायव्हरची आवृत्ती छापून आली तर खुशाल रीस्टार्ट करा. 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर थांबा.

काळी स्क्रीन आलीच तर घाबरून सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला घेऊ नका. फेडोरा मुळातच शेवटचे तीन कर्नल ठेवतो. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा किंवा एस्केप एकदाच दाबा. ग्रबची, म्हणजे बूट मेनूची, यादी येईल, तिच्यातला दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे आधीचा कर्नल निवडा. त्याचं मॉड्यूल जागेवरच असतं, त्यामुळे डेस्कटॉप नेहमीसारखा उघडेल. मग तिथूनच एकेमॉड्सची कमांड 'फोर्स' पर्यायासह आणि नव्या कर्नलचा क्रमांक देऊन चालवा. तीही फसली तर त्या कर्नलचं 'कर्नल-डेव्हल' पॅकेज आहे का ते बघा. त्यातले हेडर, म्हणजे मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली, नसतील तर कंपायलर तरी काय करणार? तेही असेल, तर व्हार फोल्डरमधल्या कॅश फोल्डरात एकेमॉड्सचा लॉग सापडेल. नावात 'फेल्ड' असलेली फाइल उघडा आणि 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ वाचा. शेवटची नव्हे, पहिली.

कधीकधी स्क्रीन काळी पडत नाही. डेस्कटॉप दिसतो, पण खिडकी सरकवली तरी अडखळतो. सेटिंग्जमधल्या सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर कार्डाऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' लिहिलेलं दिसलं, तर सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे असं समजा. कारण तेच आणि उपायही तोच.

प्रश्न: अपडेटनंतर 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवलं तर 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' असं येतं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकू का?

नको. डिस्कवरच्या लायब्ररी नव्या झाल्या आहेत आणि मेमरीत लोड झालेलं मॉड्यूल जुनं आहे. मॉड्यूल तयार झाल्याची खात्री करून रीस्टार्ट करा. हेच लक्षण फ्लॅटपॅकमध्ये (आपल्या लायब्ररी बरोबर घेऊन येणाऱ्या ॲपमध्ये) वेगळ्या रूपात दिसतं: बाकी सगळं व्यवस्थित, पण फ्लॅटपॅकमधून घेतलेला गेम किंवा एडिटर एकदम संथ. फ्लॅटपॅकच्या आतला एनव्हिडियाचा भाग बाहेरच्या ड्रायव्हरशी आवृत्तीसकट तंतोतंत जुळावा लागतो. 'फ्लॅटपॅक अपडेट' चालवलं की तो उतरून घेतला जातो.

प्रश्न: पणजीत शिकतो. नव्या लॅपटॉपवर विंडोज आणि फेडोरा दोन्ही आहेत. ड्रायव्हर टाकला, वाट पाहिली, मॉड्यूल तयारही झालं, पण लोडच होत नाही. सगळे सांगतात सिक्युअर बूट बंद कर. करू का?

बंद करायची गरज नाही, आणि विंडोज शेजारी असताना तर करूच नका. विंडोजची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, बंद असेल, तर सिक्युअर बूटला हात लावल्यावर ती रिकव्हरी की मागत बसते.

हातानेच मॉड्यूल लोड करून पाहा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर आलं तर निदान पक्कं. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या सहीची मॉड्यूल आत घेतो. फेडोराच्या स्वतःच्या मॉड्यूलवर फेडोराची सही असते. तुमचं मॉड्यूल तुमच्या मशीनवर बनलं, त्यावर सहीही तुमच्या मशीनच्याच किल्लीची आहे, आणि ही किल्ली फर्मवेअरच्या ओळखीची नाही. ती ओळख एकदा करून द्यायची असते.

'केमॉडजेनसीए' ही कमांड किल्ली तयार करते, आधीच असेल तर तसं सांगते. मग 'मॉकयुटिल'ला (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली) 'इम्पोर्ट' पर्याय देऊन एकेमॉड्सच्या सर्टिफिकेट फोल्डरातली सार्वजनिक किल्ली द्या. ती एक पासवर्ड ठरवायला सांगते. हा पासवर्ड फक्त पुढच्या रीस्टार्टपुरता लागतो, म्हणून साधा ठेवा. चिन्हं मुळीच नकोत, कारण पुढच्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो आणि टाइप केलेलं दिसत नाही.

खरी फसगत होते ती पुढे. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते, तिच्यावर 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट' आणि खाली दहापासून उलटी मोजणी. एवढ्या वेळात कोणतीही कळ दाबायची असते. लोक चहा आणायला उठतात, मोजणी संपते, मशीन गुपचूप पुढे बूट होतं आणि किल्ली नोंदलीच जात नाही. तसं झालं तर इम्पोर्टची कमांड पुन्हा द्या. कळ वेळेत दाबली तर यादीत 'एनरोल मॉक' निवडा, 'कंटिन्यू', 'येस', मग तो पासवर्ड आणि शेवटी रीबूट. वरचाच 'कंटिन्यू बूट' निवडू नका.

हे एकदाच करायचं आहे. पुढे येणाऱ्या प्रत्येक कर्नलचं मॉड्यूल एकेमॉड याच किल्लीने सही करून देतं. फेडोरा पुसून नव्याने टाकला तर मात्र किल्लीही नवी होते. फेडोरा ४१ पासून तर ग्नोम डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअर ॲपमधून ड्रायव्हर टाकतानाच ही किल्लीची वाट दाखवली जाते. टर्मिनलची धास्ती वाटत असेल तर तिथूनच करा.

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. प्रयोगशाळेतल्या मशीनवर विद्यार्थी कूडा (ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) वापरतात. ऐन प्रात्यक्षिकाच्या दिवशी घोळ नको म्हणून कर्नलचे अपडेट कायमचे बंद केले आहेत. योग्य केलं ना?

सर, तुमची अडचण अगदी खरी आहे. वीस-पंचवीस मुलं समोर बसलेली असताना ड्रायव्हर बसला नाही तर तास गेला. तरीही मला हे मान्य नाही आणि त्याचं कारण फेडोराच्या पद्धतीत आहे.

डेबियनसारखं डिस्ट्रिब्यूशन एक कर्नल धरून बसतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच मालिकेत देत राहतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला डेबियन १३ हा कर्नल ६.१२ वर आहे आणि तिथेच राहील. फेडोरा तसं करत नाही. मूळ प्रकल्पाचा नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो. त्याच्या सुरुवातीच्या काही दुरुस्त्या होऊन गेल्या की फेडोरा चालू आवृत्तीतच त्यावर उडी मारतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याबरोबरच येतात, मागच्या कर्नलसाठी वेगळ्या काढल्या जात नाहीत. म्हणजे फेडोरावर कर्नल गोठवला की त्या दिवसापासून एकही भोक बुजवलं जाणार नाही. मार्च २०२२ मध्ये उघड झालेलं 'डर्टी पाइप' आठवा. साधं खातं असलेल्या कुणालाही त्यातून रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार मिळवता येत होते. ज्या मशीनवर रोज नवे विद्यार्थी लॉगिन करतात, तिथे याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला सांगायला नको.

सुचवायचं ते हे. सत्र चालू असताना अपडेट आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी करा, शक्यतो शनिवारी दुपारी. आधी एका मशीनवर करा, मॉड्यूल बनू द्या, रीस्टार्ट करून कूडाचा छोटा प्रोग्रॅम चालवा आणि मगच बाकीच्या मशीनना हात घाला. परीक्षेच्या आठवड्यापुरतं 'व्हर्जनलॉक' (पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर अडवणारी डीएनएफची सोय) लावलंत तर माझी हरकत नाही, पण काढायची तारीख त्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा. आणि वर्षभर काहीच हलू नये अशी गरज असेल तर प्रयोगशाळेत डेबियन घाला. मी स्वतः फेडोराचा माणूस आहे, पण प्रयोगशाळेसाठी तेच सांगेन.

प्रश्न: एवढे लोक एनव्हिडिया वापरतात हे माहीत असूनही फेडोरा ड्रायव्हर तयार होईपर्यंत कर्नल रोखून का धरत नाही? आता तर एनव्हिडियाने ड्रायव्हर ओपनसोर्स केलाय ना?

कर्नलवाल्यांचं वचन एकच आहे आणि ते त्यांनी कसोशीने पाळलं आहे: वर चालणारे प्रोग्रॅम आम्ही मोडणार नाही. कर्नलच्या आतल्या भागांबद्दल असं वचन त्यांनी कधीच दिलेलं नाही. आतलं एखादं फंक्शन बदललं तर ते वापरणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर बदल करणारा स्वतःच दुरुस्त करून देतो. जो ड्रायव्हर बाहेर राहतो, त्याची दुरुस्ती त्याच्या मालकाने करायची. हे कठोर वाटतं, पण याच स्वातंत्र्यामुळे कर्नलचा आतला भाग तीस वर्षांहून अधिक काळ सुधारत राहिला आहे आणि मला ते रास्त वाटतं. फेडोराने एका कंपनीच्या बाहेरच्या ड्रायव्हरसाठी कर्नल अडवला, तर इंटेल आणि एएमडीवाल्यांच्या सुरक्षा दुरुस्त्याही त्याबरोबर अडकतील.

एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला ही गोष्ट खरी. २०२४ मधल्या ५६० मालिकेपासून ट्युरिंग पिढीच्या (जीटीएक्स १६, आरटीएक्स २०) आणि त्यापुढच्या कार्डांसाठी हीच मॉड्यूल पहिली पसंती झाली आणि आरटीएक्स ५० मालिकेला तर दुसरा पर्यायच नाही. पण सोर्स खुला असणं वेगळं आणि कर्नलमध्ये असणं वेगळं. ही मॉड्यूल अजूनही बाहेरच आहेत, त्यामुळे दर कर्नलला नव्याने बनवावीच लागतात. वरची, ॲप आणि गेम चित्र काढायला वापरतात ती ओपनजीएल आणि व्हल्कनची लायब्ररी तर बंदच आहे. कर्नलच्या आत जे चाललं आहे ते म्हणजे नूव्हो हा खुला ड्रायव्हर, आणि नव्या कार्डांसाठी रस्ट भाषेत लिहिला जात असलेला नोव्हा. माझी आशा तिकडे आहे.

मधली दरी भरून काढतात ती आरपीएम फ्यूजनची मंडळी. २००८ मध्ये ड्रिबल, फ्रेशआरपीएम्स आणि लिव्हना या तीन रेपॉझिटरी एकत्र येऊन ही उभी राहिली आणि आजही ती स्वयंसेवकच चालवतात. नव्या कर्नलवर एनव्हिडियाचं मॉड्यूल बनत नसेल तर बऱ्याचदा पॅच तेच लावून देतात. त्यांना मदत करायची असेल तर फेडोराच्या कर्नल टेस्ट वीकमध्ये भाग घ्या. तुमच्या कार्डावर येऊ घातलेला कर्नल चालवून पाहा, मोडला तर लॉगसकट कळवा. प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही.

प्रश्न: माझा जीटीएक्स १०५० चा जुना लॅपटॉप आहे. अपडेटनंतर ड्रायव्हर कार्ड ओळखतच नाही. कंपनीच्या साइटवरून डाउनलोड करून टाकू का?

हा कर्नलचा दोष नाही, कार्डाची पिढी मागे पडली आहे. तुमचं कार्ड पास्कल पिढीचं. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तिन्ही पिढ्यांना चालवणारी ५८० ही शेवटची मालिका. ५९० पासून त्यांना वगळलं आहे. मुख्य पॅकेज पुढे सरकलं आणि तुमचं कार्ड मागे राहिलं. आरपीएम फ्यूजनमध्ये जुन्या मालिका वेगळ्या नावाने ठेवतात, त्यातलं '५८०एक्सएक्स' असं शेपूट असलेलं एकेमॉड पॅकेज घ्या. आधीचं पूर्ण काढून मगच हे टाका. तुमच्याहून जुनं, केप्लर पिढीचं कार्ड असलेल्यांना ४७० मालिका लागते.

साइटवरून मिळणारी 'रन' फाइल चालवू नका. ती डीएनएफला न विचारता आपल्या फाइली सिस्टिममध्ये टाकते, आरपीएमला त्यांची नोंद नसते आणि पुढच्या अपडेटला दोघांची मारामारी होते. ते निस्तरताना फार वेळ जातो.

प्रश्न: हे सगळं नकोच असेल तर नवा लॅपटॉप घेताना काय पाहू?

कूडा लागत नसेल तर एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स घ्या. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, वरचा भाग मेसा या खुल्या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये. कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हरही त्याच्याबरोबर आलेला असतो. एएमडीवर एक काम मात्र उरतं. पेटंटच्या कारणाने फेडोराने २०२२ मध्ये मेसामधून एच.२६४ या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ कार्डाकडून उलगडणं) काढलं. व्हिडिओ पाहताना बॅटरी झपाट्याने उतरत असेल तर आरपीएम फ्यूजनचं 'फ्रीवर्ल्ड' पॅकेज घाला. कूडा लागतच असेल तर एनव्हिडियाला पर्याय नाही. निदान ट्युरिंग किंवा त्यापुढचं, म्हणजे जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स २० मालिकेपासून वरचं कार्ड पाहून घ्या.