देव्हाऱ्यातली वीट

प्रश्न : सर, तेरमधल्या आमच्या जुन्या घराची ओसरी पाडताना एक मोठी पण वजनाला अगदी हलकी वीट निघाली. हौदात टाकली तर चक्क तरंगली! सासूबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेवलीय, रोज हळदकुंकू वाहतात. ही उत्तरेश्वराच्या देवळाची असेल का? चमत्कारच म्हणायचा का हा?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : ताई, विटेच्या तुटक्या कडेवर भिंग धरून बघा. बारीक, लांबट पोकळ्या दिसतील. ती तुसाची जागा. माती मळतानाच तीत भाताचा तूस घालायचे. भट्टीत तूस जळून जायचा, पोकळी तेवढी मागे राहायची, आणि वीट हलकी व्हायची. गोरोबाकाकांच्या गावात मातीची ही जाण त्यांच्याही कित्येक शतकं आधीची आहे. याला चमत्कार म्हणायचंच असेल, तर तो त्या कारागिरांच्या हातांचा!

उत्तरेश्वर साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं. त्याची दाराची चौकट कोरीव लाकडाची होती. लाकडावर विटांचं बांधकाम पेलायचं तर ओझं कमीच हवं, म्हणून ही हलकी वीट, असं मला वाटतं. ती चौकट आज गावातल्याच लामतुरे संग्रहालयात आहे.

पण तुमची वीट त्याच देवळाची, असं पत्रावरून मी सांगणार नाही. तेर म्हणजे जुनं तगर, प्राचीन काळातलं व्यापारी शहर. इथे त्रिविक्रमाचं देऊळही विटांचंच, हत्तीच्या पाठीसारखं मागून गोल. उत्खननात विटांचा स्तूपही निघाला. पांढरीतल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातल्या, विटा घरांच्या भिंतींत जाणं आपल्याकडे नवं नाही.

एक कळकळीची विनंती. कुंकू-तेल त्या पोकळ्यांत मुरलं की निघत नाही, तेव्हा आजपासून ते थांबवा. हौदात पुन्हा टाकू नका, घासू नका. १९७२ च्या कायद्याने वास्तूतून सुटलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तूही पुरावस्तू ठरते. म्हणून सुती कापडात गुंडाळून ती संग्रहालयात दाखवा. कुठल्या भिंतीत, किती खाली, कुठल्या बाजूने निघाली, हे आठवतंय तोवर कागदावर लिहून सोबत न्या. या माहितीशिवाय वीट मुकी होते.

सासूबाईंनाही घेऊन जा. त्यांनी ती जपली म्हणून तर आज हाताशी आहे. आणि विटेवर पेनाने काही लिहू नका, चिठ्ठी वेगळी ठेवा.