कार्ड नाही, तर बोटीत जागा नाही?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नांदेडचे. तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगचा ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचा कोर्स केला, कार्डही मिळालं. दिवाळीनंतर अंदमानला जायचंय. तिथल्या डाइव्ह सेंटरवाले फोनवर म्हणाले, काही जागी ॲडव्हान्स्ड (पुढच्या पायरीच्या) कार्डाशिवाय नेत नाही, इथंच कोर्स करून घ्या. हे कायद्यानं लागतं, की पैसे काढायचा धंदा?

उत्तर : कायद्याचं विचाराल तर नाही. हौशी डायव्हरकडं ॲडव्हान्स्ड कार्ड पाहिजेच, असा कायदा आपल्याकडं नाही. अडवतो तो बोटीवाला, आणि त्याचंही चूक नाही. डायव्हिंगचे कोर्स आणि कार्ड देणाऱ्या पाडी संस्थेच्या हिशेबानं ओपन वॉटरवाल्याची हद्द १८ मीटर, ॲडव्हान्स्डची ३०. स्वराज द्वीपाजवळच्या (जुनं हॅवलॉक) डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज या जागा १८च्या खाली जातात. तिथं काही झालं, तर निस्तरायचं त्यालाच.

हवेचा हिशेब एकदा कागदावर मांडा. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं हवा भरतात. ५० बार राखीव सोडले, तर वापरायला साधारण १६५० लिटर उरते. जमिनीवर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस १० मीटरवर ४० घेतो, कारण दाब दुप्पट. म्हणजे चाळीसेक मिनिटं. ३० मीटरवर दाब चौपट, ८० लिटर, की वीस मिनिटांत खेळ खलास. वर खाली अंगात मुरणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब वेगळाच : पाडीच्या तक्त्यात वाटेत थांबे न घेता थेट वर यायची मुभा १८ मीटरवर ५६ मिनिटं, ३० मीटरवर फक्त २०.

शिवाय तिथं डोकं जड होतं. नायट्रोजनची धुंदी चढते, उगीचच सगळं छान वाटायला लागतं आणि गेजच्या काट्याकडं बघायचं राहून जातं. माझ्या मनगटाला देवीचा लाल दोरा असतो. खाली तो काळपट दिसतो, कारण पाणी लाल रंग आधी गिळतं. पहिल्यांदा मी त्या दोऱ्याकडंच बघत बसलो होतो. प्रशिक्षकानं पाटीवर साधी बेरीज दिली, तीही मी सावकाश, बोटं मोजत केली. हे सगळं सोबत कुणी जाणतं माणूस असताना अनुभवलेलं बरं.

आता कोर्सचं. पाच डाइव्ह, त्यात खोल डाइव्ह आणि होकायंत्रावर दिशा धरणं सक्तीचं, उरलेल्या तीन आवडीच्या. शेवटी लेखी परीक्षा नाही. त्यामुळं हे कार्ड मिळालं की माणूस पट्टीचा डायव्हर झाला, असं मी म्हणणार नाही. लागोपाठ दोन्ही कोर्स उरकून आलेल्यापेक्षा भरपूर डाइव्ह केलेला ओपन वॉटरवाला मला जोडीदार म्हणून कधीही चालेल.

तुम्ही असं करा. पहिले दोन दिवस १८ मीटरच्या आतच डुंबा. प्रवाळ आणि रंगीत मासे तिथंच जास्त, उजेडही चांगला. मग हौस राहिली, तर सेंटरला विचारा : पूर्ण कोर्स न करता प्रशिक्षकासोबत एकच खोल डाइव्ह होईल का? ती पुढं ॲडव्हान्स्डमध्ये धरता येते. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तासांनी काढा. आपल्याकडचे लोक सुट्ट्या वाचवायला सकाळी डाइव्ह, संध्याकाळी विमान करतात. ते करू नका.

प्रश्न : भाचा लहानपणापासून विहिरीत सूर मारतो. मालवणला स्कुबा करायचं म्हणतोय. त्याला कार्ड लागेल का? (अंबाजोगाई)

उत्तर : नाही. प्रशिक्षक हात धरून नेतो तो अनुभव विनाकार्डाचाच, फार तर १२ मीटरपर्यंत. काळजी विहिरीची आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला मी परभणीचा गडी. आम्ही तळाची माती आणायला बुडी मारायचो ती दम कोंडून. स्कुबात ती सवय जिवावर बेतते. १० मीटरवर भरून घेतलेला श्वास वर येताना दुप्पट फुगतो आणि कोंडून धरला तर फुफ्फुस फाटतं. त्याला सांगा, श्वास एकदाही थांबवायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही, कान मोकळे होत नाहीत. पावसाळ्यात तिकडं डायव्हिंग बंद असतं, तेव्हा दसऱ्यानंतरच पाठवा.