वाचकांचे प्रश्न : तळ्यातले मासे आणि प्रयोगशाळेचा अहवाल

प्रश्न : रायगड जिल्ह्यात आमची व्हेनामी कोळंबीची दोन तळी आहेत. काढणीआधीच्या एलायझा तपासणीत एका तळ्याचा नमुना नायट्रोफ्युरानसाठी ‘पॉझिटिव्ह’ आला. आम्ही एकही प्रतिजैविक वापरलेले नाही. व्यापारी माल उचलायला तयार नाही. अहवाल चुकीचा असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. पण आधी अहवालात नेमके कोणते नाव आहे ते पाहा. नायट्रोफ्युरान हा बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा गट आहे. त्यातली मूळ औषधे प्राण्याच्या अंगात लवकर मोडतात, म्हणून प्रयोगशाळा त्यांचे मांसातल्या प्रथिनांना चिकटून राहणारे अवशेष शोधते. असे चार प्रमुख अवशेष आहेत : फ्युराझोलिडोनचा एओझेड, फ्युराल्टाडोनचा एएमओझेड, नायट्रोफ्युरँटॉइनचा एएचडी आणि नायट्रोफ्युराझोनचा एसईएम, म्हणजे सेमिकार्बाझाइड.

यातला एसईएम फसवा आहे. कोळंबीवर्गीय प्राण्यांच्या कवचात तो औषधाविनाही सापडतो. नमुना कवचासकट वाटला गेला असेल, तर विनाकारण तुमच्यावर ठपका येतो. म्हणून फक्त सोललेल्या मांसाची फेरतपासणी लेखी मागा. एओझेड निघाला असेल, तर मात्र कवचाची सबब चालणार नाही.

एलायझा, म्हणजे प्रतिपिंडे (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिने) वापरून केलेली झटपट चाचणी, ही चाळणी आहे, निकाल नव्हे. या चाचणीत रंग जितका फिका, तितका अवशेष जास्त धरतात. नमुन्यातली चरबी नीट निघाली नाही, किंवा प्रतिपिंड दुसऱ्याच रेणूला चिकटले, तरी रंग फिका पडतो. खात्री करायची ती एलसी-एमएस/एमएस यंत्रावर, जे रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखते. नेहमीच्या पद्धतीत मांस आधी अल्कोहोलने धुतात, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि नायट्रोबेन्झाल्डिहाइड घालून ३७ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवतात. त्यामुळे काढणी उद्यावर आली असताना नमुना पाठवून उपयोग नाही. चार अवशेषांचे आकडे वेगवेगळे मागा. नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दावरून कारण शोधता येत नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे, एवढे पुरेसे नाही. मान्यतेच्या यादीत हीच चाचणी आणि कोळंबी हाच पदार्थ आहे का, ते तपासा.

युरोपात जाणाऱ्या मालासाठी प्रत्येक अवशेषाला किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ही कारवाईची पातळी नोव्हेंबर २०२२ अखेरपासून पूर्णपणे लागू आहे; आधी ती १ होती. क्लोरॅम्फेनिकॉल या दुसऱ्या बंदी असलेल्या प्रतिजैविकाची पातळी ०.३ वरून ०.१५ वर आली. ०.५ मायक्रोग्रॅम म्हणजे टनभर मांसात अर्धा मिलिग्रॅम. इतक्या बारीक मापाला नमुना घेणाऱ्याचे हातसुद्धा पुरतात. कुणी बोटाला क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम लावले असेल किंवा डोळ्यात त्याचे थेंब घातले असतील, तर ते नमुन्यात उतरते. म्हणून दरवेळी नवे हातमोजे घाला. तळ्याच्या पाच-सहा जागी पाग टाका. एकट्या खाद्य-ताटाशेजारची कोळंबी घेऊ नका. सारी मिसळून किलोभर माल घ्या, स्वच्छ पिशवीत भरा, भरपूर बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पाठवा. पिशवीवर तळ्याचा क्रमांक, तारीख आणि चालू खाद्याचा बॅच नंबर लिहा. त्याच मालातली दुसरी सीलबंद पिशवी उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये राखून ठेवा. वाद झाला तर हीच पिशवी कामी येते, आणि ती बहुतेकांजवळ नसते.

एओझेड पक्का निघाला, तर दोष पिल्ले पुरवणाऱ्या हॅचरीवर ढकलण्याआधी हिशेब करा. पाच मिलिग्रॅमचे पिल्लू वीस ग्रॅमचे झाले, म्हणजे वजन ४००० पट वाढले. पिल्लात असलेला अवशेष तितकाच विरळ झाला. काढणीच्या वेळी सापडला, तर तो बहुधा तळ्यावरच आलेला असतो. खाद्यावर चोळायचे बिनलेबलचे ‘टॉनिक’, घटक न छापलेले प्रोबायोटिक आणि पाण्याला रंग यावा म्हणून टाकलेले कोंबडीखत, या क्रमाने शोधा. प्रत्येकाचा थोडा नमुना कोळंबीसोबतच तपासायला द्या. खाद्यात मोडलेला अवशेष नव्हे, तर मूळ औषध शोधावे लागते, हे प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात शेततळ्यात रोहू-कटला आहेत. बुरशी आली म्हणून बीजविक्रेत्याने हिरवे-निळे औषध दिले होते. अहवालात ‘मॅलाकाइट ग्रीन आढळले नाही’ असे आहे. निर्धास्त राहावे का?

उत्तर : त्याच अहवालात ल्यूकोमॅलाकाइट ग्रीनची ओळ आहे का? मॅलाकाइट ग्रीन हा बुरशीवर वापरला जाणारा हिरवा रंग आहे; माशाच्या अंगात तो ल्यूकोमॅलाकाइट ग्रीन या बिनरंगी रूपात बदलतो आणि चरबीत दीर्घकाळ राहतो. नुसते हिरवे रूप शोधले, तर मासा निर्दोष दिसणारच. दोन्हींची बेरीज पाहायची असते. युरोपची पातळी बेरजेसाठीही ०.५ मायक्रोग्रॅमच आहे. उजेडात हा रंग मोडतो, म्हणून नमुना अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून द्या. खाण्याच्या माशांना हे औषध कधीच वापरू नका. बोटुकलीवर (बोटाएवढ्या पिल्लांवर) बुरशी दिसली, तर १० लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम खडे मीठ विरघळवून काही मिनिटे बुडवा आणि मासे कलंडू लागताच साध्या पाण्यात सोडा.

प्रश्न : नीट शिजवले की हे सगळे निघून जाते ना?

उत्तर : नाही. नायट्रोफ्युरानचे चिकटलेले अवशेष उकळून किंवा तळून फारसे कमी होत नाहीत. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक उष्णतेने काही प्रमाणात मोडते, पण त्याची मर्यादा कच्च्या मांसावर मोजतात. पारा आणि कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत, त्यांना आच काही करत नाही. कॅडमियमपुरते एक मात्र तुमच्या हातात आहे : कोळंबीत ते डोक्यातल्या पाचकग्रंथीत साठते. डोके काढून टाकले की बराचसा भाग जातो. डोक्याचे सार आवडत असेल, तर ते अधूनमधूनच करा.