हिसके देणारा खोंड

बाप्तिस्म्याला सहा महिने झाले आणि आता प्रार्थनेला बसलं की नुसती झोप येते, म्हणालास. येऊ दे. बायबलमधला 1 राजे 19 काढून एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाच. थकून, मरण मागून तो रतामाच्या झुडपाखाली झोपला. देवदूताने उपदेश केला नाही, भाकर-पाणी दिलं. तो परत झोपला, दूताने परत उठवून खायला घातलं. होरेब डोंगराकडची 40 दिवसांची वाट त्यानंतरची.

मत्तय 11:28 मध्ये येशू थकलेल्यांना विसावा देतो, ते सगळ्यांना पाठ असतं. पुढच्याच वचनात तो ‘माझं जू घ्या’ म्हणतो, ते आपण सोयीने विसरतो. मिरजेजवळच्या आमच्या रानात आजोबा नवा खोंड सवयीच्या बैलाशी जुंपायचे. पहिले काही दिवस खोंड उगाच हिसके देऊन मान सोलवटून घ्यायचा. ओढायचं काम बरंचसं जुनाच करायचा. तुझे सध्या हिसके चाललेत, एवढंच.

तेव्हा तासभर वगैरे ठरवू नकोस. चहा उकळेपर्यंत एक स्तोत्र, मोठ्याने. रविवारची उपासना मात्र चुकवायची नाही, मन नसलं तरी. मी एकदा दोन वर्षं गेलो नव्हतो. खुर्च्या मांडण्यावरून वाजलं होतं (हसू नकोस). नुकसान माझंच झालं.

ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. 22 वर्षांनीही शोध चालूच होता.

बुधवारी प्रार्थनेला ये. आधी आमच्याकडे जेवू, मग चालतच जाऊ.